दारोदार टांगलेला कायदा

माझ्या वडलांची स्मरणशक्ती वाईट नव्हती, ती फक्त उर्दूत होती.

निजामाच्या राज्यात ते उर्दूत शिकले, उर्दूत परीक्षा दिल्या आणि तहसिलीत पंधरा-सोळा वर्षं उर्दूत मिसली, म्हणजे प्रकरणांच्या फायली, लिहिल्या. घरात मराठी, देवापुढं संस्कृत आणि कचेरीत उर्दू असे त्यांच्या डोक्याचे तीन कप्पे होते. पाठ करायचं म्हटलं की ते सगळं तिसऱ्या कप्प्यात जाऊन बसायचं. पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, तरी कचेरीचा गाडा काही वर्षं जुन्या चाकोरीतून चालला. मग आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि मुंबईचे नियम आले, मराठीत छापलेले. पाठोपाठ हुकूम आला की जुन्या कारकुनांनी महसुलाची परीक्षा मराठीत द्यायची. संधी तीन. तिसऱ्यांदा नापास होईल त्यानं घरी बसायचं.

दादांच्या दोन संधी वाया गेल्या होत्या. आम्ही वडलांना दादा म्हणायचो. तेव्हा ते बेचाळीस वर्षांचे होते आणि मी तेरा. मिळवणारे ते एकटेच. शेती नाही, वाडवडलांची भिक्षुकी आजोबांबरोबरच संपलेली. ते घरी बसले असते तर आमची चूलही बसली असती, हे मला त्या वयातही नीट कळत होतं. आई ते दिवसातून दोनदा बोलून दाखवायची, त्यामुळं न कळायला वावही नव्हता.

माझं काम पुस्तक धरून बसायचं. दादा डोळे मिटून कलमं म्हणायचे, मी चुका काढायची. बापाच्या चुका काढायला मिळणं ही चैन फार थोड्या मुलींच्या वाट्याला येते, आणि मला ती आवडायची, खोटं कशाला बोलू. पुस्तकात "तलाठी" असायचं, दादा "पटवारी" म्हणायचे. मी "तलाठी!" म्हणून ओरडले की ते दचकायचे आणि पुढचं सगळं विसरायचे. परीक्षेला बावीस कलमं होती. चौथ्याच्या पुढं दादा कधी गेलेच नाहीत.

उपाय सगळे झाले. आईनं रात्री भिजवलेले बदाम सकाळी सोलून दिले, डोक्याला ब्राह्मीचं तेल थापलं. कन्नडच्या आत्यानं तिकडच्या वैद्याचं चाटण पाठवलं. ते इतकं कडू होतं की चाटल्यावर दादा आधीचं पाठ झालेलंसुद्धा विसरत. गल्लीतले मास्तर म्हणाले, पहाटे गार पाण्यात पाय बुडवून वाचलेलं जन्मात विसरत नाही. दादा आठ दिवस बादलीत पाय घालून बसले. त्यातून त्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की पाणी फार गार होतं.

शेवटी जमादारचाचांनी खुलताबादची गोष्ट काढली. चाचा आमच्या गल्लीत राहायचे, निजामाच्या पोलिसातून पेन्शनीत निघालेले. खुलताबादला एका जुन्या शायराची कबर आहे. तिच्यावर साखर ठेवायची आणि हात न लावता जिभेनं उचलायची, म्हणजे बंद डोकं उघडतं, अशी आमच्याकडं समजूत. त्यात हिंदू-मुसलमान भेद नाही. नापासांची जात एकच.

"बेचाळिसाव्या वर्षी साखर चाटायला निघाले," आई म्हणाली, आणि कागदात साखर बांधताना वाण्यानं पुडी बांधावी तसा टोमणाही बांधून दिला, "जास्तच देते हो जमादारभाऊजी, चिमटीनं ह्यांचं भागायचं नाही."

मीही त्या दोघांबरोबर बसमधून गेले. रांगेत सगळी आठ-दहा वर्षांची पोरं, त्यांच्या मागं त्यांच्या आया आणि मध्ये काळी टोपी, लांब कोट आणि हातात छत्री असे माझे वडील. पुढच्या पोरानं वळून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किसमें फेल हुए?" त्यानं विचारलं.

"महसूल में," दादा गंभीरपणानं म्हणाले.

"मैं हिसाब में," पोरगा म्हणाला आणि त्यानं सरकून दादांना आपल्या पुढं जागा दिली. त्याला दादांची केस जास्त गंभीर वाटली असावी.

परतीच्या बसमध्ये दादांनी स्वतःची परीक्षा घेतली. दौलताबाद सोडलं तेव्हा त्यांना चार कलमं येत होती. पडेगाव येईपर्यंत दोन राहिली. चाचांना इतकी शरम वाटली की जणू त्या कबरीची जबाबदारी त्यांचीच होती. शेवटी ते दादांकडं वळून म्हणाले, "साब, मेरेकु पढना-लिखना आता नै. पन पच्चीस साल गश्त करा, एक बी बात नै भूला. मालूम कैसा?"

मग त्यांनी सांगितलं. गस्तीवर जे दिसेल ते ध्यानात ठेवायचं आणि सकाळी नाक्यावर मुन्शीला सांगायचं, हे त्यांचं काम. कागद नाही, अक्षर नाही. म्हणून ते प्रत्येक बातमी एकेका दाराला टांगून ठेवायचे. अमक्याच्या घोड्याची चोरी तांब्याच्या कडीला, तमक्याची मारामारी फुटक्या उंबऱ्याला. सकाळी मुन्शीपुढं उभं राहायचं, डोळे मिटून पुन्हा त्याच रस्त्यानं चालायचं आणि दारावरचं एकेक उतरवत जायचं. "बात भूल जाती साब, दरवाजा नै भूलता," चाचा म्हणाले.

आमच्या गल्लीत दारं एकवीस. कलमं बावीस. दादांनी दुसऱ्याच दिवशी आमच्या दारापासून सुरुवात करून गुलमंडीच्या तोंडापर्यंत कायदा टांगत नेला आणि उरलेलं बाविसावं कलम, ते पाण्याचं होतं म्हणून, सरकारी नळाला अडकवलं.

पहिलं कलम व्याख्यांचं. ते आमच्या दाराला, म्हणजे आईला आलं. ती म्हणाली, "वीस वर्षांत माझी व्याख्या करायला आज सवड झाली का?" शिंपीकाकांच्या हिरव्या दाराला हद्दीच्या खुणा आल्या. त्यांच्या गळ्यात कायम टेप असायची, त्यामुळं दादांना ते फारच सोयीचं वाटलं. पाचवं गायरानाचं, ते शेळीवाल्या आजीला. ह्यावर दादा इतके खूश झाले की त्यांना वाटलं सरकारनं नियम आमची गल्ली बघूनच केलेत. सातवं पडीक जमिनीचं होतं, आणि सातव्या दारात एकटे मास्तर राहायचे, बिनलग्नाचे. ते दोन दिवस दादांशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, मला दुसरं कुठलंही द्या. दादा म्हणाले, "मास्तर, क्रम सरकारनं लावलाय, मी कोण बदलणार?" चाचांना पंचनामा आला. त्यांनी तो कडक सलाम करून घेतला.

रोज सकाळी कचेरीला जाताना दादा प्रत्येक दारापुढं थांबायचे, छत्री काखेत धरून त्या दाराचं कलम मोठ्यानं म्हणायचे आणि पुढं सरकायचे. दोनशे पावलांच्या गल्लीला पाऊण तास लागायचा. आधी लोक हसले. मग ऐकायला लागले. महिन्याभरात दुरुस्त करायला लागले. "काल तू ग्रामपंचायतीला इचारून म्हनला व्हतास, आज गाळलंस," शेळीवाली आजी म्हणायची. तिला कायदा कळत नव्हता, पण आपल्या दारातलं काही कमी झालेलं तिला खपायचं नाही.

आणि काय सांगू, दादांना यायला लागलं! सहा आलं, नऊ आलं, अकरा आलं. कप्पे गेले, भाषा गेली, फक्त दारं राहिली.

दसऱ्याच्या सुमारास शिंपीकाकांनी आपलं हिरवं दार निळं रंगवलं. दुसऱ्या दिवशी दादा त्या दारापुढं उभे राहिले आणि परक्या गावात बस चुकलेल्या माणसासारखे इकडंतिकडं बघायला लागले. तिसरं कलम साफ गेलं. संध्याकाळी नळापाशी गल्ली जमली. दार पुन्हा हिरवं करायचं ठरलं आणि त्याबरोबर असंही ठरलं की परीक्षा होईपर्यंत कुणीही काहीही बदलायचं नाही. शिंपीकाका कुरकुरले, पण रंगाचा डबा त्यांनीच आणला.

त्या वर्षी दिवाळीला आमच्या गल्लीत एका भिंतीला चुना लागला नाही. येणारेजाणारे विचारायचे, गल्लीत कुणी वारलं का. मास्तरांना फुलंब्रीचं एक स्थळ आलं होतं, चांगलं. पण मास्तरांकडं बायको आली तर जमीन पडीक कशी राहणार? गल्लीनं त्यांना थांबायला सांगितलं आणि ते थांबले. मुलीकडचेही थांबले. हे त्या मुलीचं नशीब म्हणायचं की मास्तरांचं, मला अजून ठरवता आलेलं नाही. शेळीवाल्या आजीला शेळी विकायची होती, तीही विकू दिली नाही. शेळीनं मात्र कुणाचं ऐकलं नाही, ती व्यायली. दोन पिल्लं. दादांनी सकाळी ती पाहिली आणि डोक्याला हात लावला. मग थोडा विचार करून पाचव्या कलमाची दोन पोटकलमं त्यांनी त्या पिल्लांवर टाकली. ती पिल्लं कधी एका जागी राहत नसत, त्यामुळं दादांना पोटकलमं म्हणायला गल्लीभर त्यांच्या मागं जावं लागे.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पुढचं मी केलं.

माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याचा मला माज होता. दादांना आणखी सोपं जावं म्हणून मी शाळेतून खडू आणले आणि एका दुपारी दारोदार आकडा आणि कलमाचं नाव वळणदार अक्षरात लिहीत सुटले. ३. हद्दीच्या खुणा. ५. गायरान. ७. पडीक जमीन. बाराव्या दारावर मी लिहिलं: १२. वारसांची नोंद. लिहिलं आणि तेराव्याकडं गेले.

बाराव्या दारात मावशी राहायची. आम्ही सगळी पोरं तिला मावशीच म्हणायचो. फुलंब्रीकडच्या शेतकरी घरातली, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम. लग्नाला सोळा वर्षं झालेली आणि घरात पाळणा हलला नव्हता. तिच्या हातची भाकरी सगळ्यांना आवडायची, पण सकाळी कामाला निघालेला माणूस तिच्या दारावरून जाताना मान वळवायचा. वांझेचं तोंड बघून निघालं तर काम होत नाही म्हणतात. कुणी बोलत नसे, नुसती मान वळायची. ती सकाळी दारात उभी राहत नसे. दादासुद्धा बारावं कलम तिच्या दारापाशी भरभर, अर्धवट पुटपुटून पुढं व्हायचे. हे मी रोज बघत होते आणि तरी लिहिलं.

मावशीला वाचता येत नव्हतं. दारावरची अक्षरं पाहून तिला वाटलं, दिवाळीचं शुभ-लाभ असणार. तिनं शेजारी हळदीकुंकवाची बोटं लावली आणि जाणाऱ्या मास्तरांना हाक मारून विचारलं, "काय लिवलंय वो पोरीनं?" मास्तर साधा माणूस. त्यांनी वाचलं. ती म्हणाली, "फिरून वाचा." त्यांनी पुन्हा वाचलं. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

चार दिवस ते दार उघडलं नाही. मावशी मागच्या बोळातून येजा करायची. आईनं मला मारलं. आई एरवी मारत नसे, त्यामुळं तिला नीट मारताही येत नव्हतं, आणि मारून झाल्यावर तीच रडत बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. इतकी शरम मला त्यानंतर आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे. दादा त्या बंद दारापुढं उभे राहायचे, तोंड उघडायचे आणि काहीच यायचं नाही. बारावं गेलं, आणि माळेचा दोरा तुटावा तशी त्यापुढची सगळी गेली. परीक्षा तीन आठवड्यांवर होती.

पाचव्या दिवशी दादा मला घेऊन त्या दारापाशी गेले.

"वहिनी," ते बंद दाराला म्हणाले, "चूक झाली. पोरीची नाही, माझी. ओळीनं आलं ते टांगत गेलो, माणूस बघितलं नाही. हे पुसतो. बारावं कलम मी सोडून देतो."

मग दार वीतभर उघडलं.

"सोडून देता? मंग नापास झाले तर?"

"झालो तर झालो."

"आन् ही पोरगी खाईल काय? कायदा?" दार पुरतं उघडलं. मावशी रडलेली दिसत नव्हती, चिडलेली दिसत होती. "पुसू नका. लिवलंय ते ऱ्हाऊ द्या. भावजी, तुमी शेळीच्या दारात थांबता. नळापुढं थांबता, नळापुढं! माझ्याच दारातून काहून पळता?"

दादांनी छत्री एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझं तोंड बघून काम व्हत नाय, आसंच ना?"

"मी तसं मानत नाही," दादा म्हणाले.

"मंग थांबा. रोज सकाळी, मी दारात उभी असताना. मोठ्यानं म्हणायचं. एक शब्द खाल्ला तर फिरून म्हणायला लावीन."

आईला ते कळल्यावर ती घाबरली. मानत नाही म्हणायला काय जातंय, पण ऐन परीक्षेच्या तोंडावर रोज सकाळी तिचंच तोंड बघून निघायचं? ती एवढंच म्हणाली, "बघा बाई." दादा दुसऱ्या दिवसापासून थांबायला लागले. ती उंबऱ्यावर, ते पायरीखाली. आणि बाराव्या दाराचा मुक्काम सगळ्यांत लांब झाला, कारण बाकीचे चुका काढायचे आणि मावशी प्रश्न विचारायची. खातेदार मेला आन् मागं बाईच ऱ्हायली, तर वर्दी कुणी द्यायची? पटवाऱ्यानं पोच दिली नाय तर? दिरानं हरकत घेतली तर? दादा तिला समजावून सांगायचे आणि कचेरीत उशिरा पोचून बोलणी खायचे. असं समजावता समजावता ते कलम त्यांच्या अंगात मुरलं. पुढची दहाही परत आली.

परीक्षा झाली. दादा घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाले, "सगळी दारं उघडी होती." आईनं त्या दिवशी शिरा केला. निकाल हातात पडेपर्यंत दारापुढचं म्हणणं मात्र दादांनी सोडलं नाही.

पंधरा दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं. निकाल नव्हता, चौकशी होती. पेपर तपासायला पुण्याकडचे एक साहेब आले होते. दोनदा सपाटून नापास झालेल्या कारकुनाचा पेपर ह्या खेपेला पुस्तकाबरहुकूम होता, स्वल्पविरामासकट. आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: टेप. शेळी. पिल्लू काळं. पिल्लू पांढरं. मास्तर पडीक. चाचा सलाम. वहिनी उभ्या. नळ.

"ही सांकेतिक नावं कुणाची आहेत?" साहेबांनी विचारलं. "हे चाचा आत कागद पोचवत होते का? शेळी म्हणजे कोण?"

"शेळी म्हणजे शेळी, साहेब," दादा म्हणाले.

साहेबांनी नक्कलेचा शेरा मारायला टाक उचलला. त्या शेऱ्याचा अर्थ नुसतं घरी बसणं नव्हे. त्यावर कुठंच नोकरी मिळाली नसती. दादांनी हात जोडून सगळं सांगितलं. साहेबांनी टाक खाली ठेवला. त्यांना वाटलं असावं की हा एक तर लबाड आहे किंवा वेडा, आणि दोन्हीसाठी कागद वेगळे लागतात. "रविवारी सकाळी येतो," ते म्हणाले. "ही गल्ली मला दाखवा."

रविवारी गल्ली पाहुणे यायचे असल्यासारखी तयार होती. आजीनं शेळीला अंघोळ घातली होती. साहेब एका हातात पुस्तक, दुसऱ्यात पेपर, मागं शिपाई असे आले आणि त्यांनी दादांना सुरुवातीलाच बजावलं, "तुम्ही माझ्या मागं राहायचं. एक अक्षर बोलायचं नाही. विचारायचं ते मी विचारीन."

आईनं पदर खोचून व्याख्या म्हटल्या. शिंपीकाकांनी टेप ओढत हद्दीच्या खुणा सांगितल्या. आजीनं गायरान सांगितलं आणि पोटकलमांकडं बोट दाखवलं, त्यातलं दुसरं तेवढ्यात पळालं आणि शिपायाला धरून आणावं लागलं. मास्तर "पडीक" म्हणताना तांबडे झाले. चाचांनी सलाम ठोकला, "पंच दो होना साब, गल्लीकेच होना, पढके सुनाना, फिर अंगूठा लेना!" साहेबांचं बोट पुस्तकातल्या ओळीवरून सरकत होतं आणि कपाळाला आठ्या वाढत होत्या.

अकराव्या दाराशी ते थांबले. "हे तर आणखी वाईट झालं," ते म्हणाले. "इथं सगळ्यांनाच येतंय. मग पेपर ह्यांनी लिहिला की गल्लीनं? ह्यांना स्वतःला येतं ह्याचा पुरावा काय?"

आम्ही इतकी जय्यत तयारी केली होती की दादांच्याच विरुद्ध साक्ष तयार झाली होती.

साहेब बाराव्या दाराशी आले. खडूची अक्षरं पुसट झाली होती, ती त्यांनी वाकून वाचली. समोर मावशी उभी होती. परगावचा माणूस, त्याला काय ठाऊक. ते सहज म्हणाले, "वारसांची नोंद. हं. बाई, उदाहरणच घेऊ. तुम्हांला मुलं किती?"

आजीनं तोंडाला पदर लावला. मी मास्तरांच्या मागं लपले.

दादा पुढं झाले. ज्यांना एक अक्षर बोलायची बंदी होती ते माझे वडील साहेबांच्या आणि त्या दाराच्या मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हे दार राहू द्या. बारावं कलम मला येत नाही असं धरा. नक्कल म्हणा, नापास करा, काय करायचं ते करा. ह्या बाईंना विचारू नका."

"बाजूला व्हा भावजी," मावशी म्हणाली. "साहेब, मला मूल नाय. पन म्हणून कलम येत नाय आसं थोडंच हाय? धरा पुस्तक."

आणि तिनं म्हटलं. खातेदार मयत झाल्यापासून वर्दी, वर्दीची पोच, चावडीवरची नोटीस, हरकत, हरकतीची चौकशी, सगळं, ओळीनं. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "तुमी दोन पानं संगं उलटली साहेब." साहेबांनी पाहिलं, खरंच उलटली होती. ते एक पान मागं आले आणि तिनं राहिलेलं पुरं केलं.

साहेबांनी पुस्तक मिटलं. तेराव्या दाराकडं ते गेलेच नाहीत. दादांना म्हणाले, "नोकरी जायची होती तुमची. कळत होतं ना?"

"हो साहेब."

"नक्कल करणारा माणूस आपल्या पायानं नापास व्हायला पुढं येत नाही," साहेब म्हणाले. शिपायाकडून टाक घेऊन त्यांनी मावशीच्याच ओट्यावर पेपर ठेवला आणि त्यावर "उत्तीर्ण" असं लिहून सही केली. मग मावशीला नमस्कार केला. तिला तो कसा घ्यायचा ते कळलं नाही, ती आत पळाली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, दादा कचेरीला निघाले. आता म्हणायचं काहीच उरलं नव्हतं. सवयीनं माणसं दारात उभी होती, आणि दादा नेहमीच्या माणसासारखे, कुठंही न थांबता, छत्री हलवत त्यांच्या पुढून चालले होते. मी आमच्या पायरीवरून बघत होते. बाराव्या दारात मावशी नव्हती. निकाल लागला, तशी ती सकाळची आत राहिली होती.

दादा त्या दारापाशी थांबले. आत कुणी येईना तशी त्यांनी कडी वाजवली. मावशी बाहेर आली, हाताला पीठ.

"आता काय ऱ्हायलं?" तिनं विचारलं.

"काही नाही वहिनी," दादा म्हणाले. "कचेरीला निघालो. येतो."

सकाळी कामाला निघालेल्या माणसानं तिला "येतो" म्हटल्यावर काय म्हणायचं असतं ते तिला आठवावं लागलं.

"या," ती म्हणाली.

आणि दादा तिचं तोंड बघून कामाला गेले.